स्टीव्हनेज : एका नवनगराची घडण आणि त्याचा कारभार

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून उत्तरेकडे निघालेली वेगवान आगगाडी अर्ध्या तासाच्या आत हर्टफर्डशायर परगण्यातील स्टीव्हनेज ह्या गावी पोचते. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की नजरेस पडतात त्या काँक्रीटच्या इमारती, रुंद रस्ते, गोल चौक आणि रस्त्यांच्या खालून जाणारे भुयारी मार्ग. पाहण्यासारखे असे येथे काय आहे, असा प्रश्न प्रवाशाच्या मनात सहज उद्भवावा. राजवाडा नाही, प्रचंड कॅथीड्रल नाही, समुद्र नाही. परंतु शेजारच्या महानगराने आपली शेते गिळू नयेत अशी चिंता ज्यांच्या मनात वसते, त्या आपल्यासारख्या ग्रामीण कुटुंबांना ह्या गावाची कथा राजवाड्याच्या कथेहून अधिक जवळची वाटेल. कारण हे गाव सरकारच्या आज्ञेने नगर झाले. आणि आज्ञेने झालेल्या त्या नगराचा कारभार तेथील लोकांच्या हाती येण्यास पुरती एक पिढी लागली.

प्रथम जुन्या गावाकडे वळू. नव्या बाजारपेठेपासून उत्तरेस थोडे चालत गेल्यावर जुनी हमरस्त्याची पेठ लागते. लंडनहून स्कॉटलंडकडे जाणारा प्राचीन ‘ग्रेट नॉर्थ रोड’ तो हाच. रेल्वे येण्यापूर्वी टपालाच्या आणि उतारूंच्या घोडागाड्या येथे थांबत, घोडे बदलीत, आणि त्यांच्या जिवावर खाणावळी व धर्मशाळा चालत. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने करविलेल्या डूम्सडे ह्या जमीनमोजणीच्या बाडात गावाचे नाव आहे. १२८१ साली त्यास बाजार भरविण्याची सनद मिळाली. एका धर्मगुरूने ठेवलेल्या देणगीतून १५५८ साली येथे शाळा सुरू झाली. संत निकोलसचे जुने चर्च गावाबाहेरच्या उंचवट्यावर उभे आहे. आणि दक्षिणेस, रस्त्याच्या कडेला, सहा हिरवी टेकाडे ओळीने दिसतात. ती रोमन राजवटीतील थडगी होत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ह्या गावाची वस्ती सहा-सात हजार होती. सर्वांना सर्व ओळखत असावेत, असे ते गाव.

युद्धाने लंडनची हजारो घरे जमीनदोस्त केली होती. उरलेल्यांत एकेका खोलीत एकेक कुटुंब राहत होते. १९४४ साली नगररचनाकार पॅट्रिक अबरक्रॉम्बी ह्यांनी लंडनचा भावी आराखडा तयार केला. महानगराभोवती शेते व राने राखून ठेवावीत आणि त्या हिरव्या पट्ट्यापलीकडे नवी, स्वयंपूर्ण नगरे वसवून लोकांना व उद्योगांना तेथे न्यावे, अशी त्यांची सूचना होती. १९४५ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले आणि नगररचना खात्याचे मंत्री लुईस सिल्किन ह्यांनी ही सूचना उचलून धरली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये नवनगरांचा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबर रोजी स्टीव्हनेज हे त्या कायद्याखालील पहिले नवनगर म्हणून घोषित झाले. सुमारे सहा हजार एकर क्षेत्र आखण्यात आले. साठ हजार लोकांची वस्ती योजिली गेली. सात हजारांच्या गावाशेजारी साठ हजारांचे नगर!

गावकऱ्यांना हे कसे मानवावे? कायदा होण्यापूर्वीच, १९४६ च्या मे महिन्यात, सिल्किन स्वतः गावच्या सभागृहात समजूत घालण्यास आले. सभागृह भरून बाहेर गर्दी लोटली. हुल्लड झाली, जर्मन गुप्त पोलिसांच्या नावाने लोकांनी मंत्र्यांना हिणविले. तुम्ही कितीही ओरडलात तरी हे होणारच, अशा अर्थाचे उत्तर मंत्र्यांनी दिले. सभा आटोपून ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा काढलेली होती. त्या वर्षाच्या अखेरीस तर कोणी खोडकरांनी रेल्वे स्थानकावर ‘सिल्किनग्राड’ अशा नावाच्या पाट्या लावून दिल्या. रशियन हुकूमशहाच्या नावाने वसलेल्या शहराची ती थट्टायुक्त आठवण होती.

थट्टेवरच प्रकरण थांबले नाही. काही रहिवासी न्यायालयात गेले. मंत्र्याने आधीच मनाशी ठरविले होते, मग हरकती ऐकण्याचा देखावा कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. १९४७ च्या आरंभी उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वरच्या न्यायालयाने तो फिरविला, आणि त्याच वर्षाच्या जुलैमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सरकारचा पक्ष कायम केला. हे काम न्यायाधीशाचे नसून प्रशासनाचे आहे आणि मंत्र्याने हरकतींचा विचार केलेला आहे, एवढे पुरेसे ठरले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकविला जातो.

ह्या वादात एक परिचित आवाज होता कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्यांचा. त्यांचे बालपण ह्याच गावाबाहेरच्या ‘रुक्स नेस्ट’ ह्या घरात गेले होते, आणि त्यांच्या ‘हॉवर्ड्स एंड’ कादंबरीतील घर ते हेच. हेच फॉर्स्टर १९२१ साली इंदूरजवळच्या देवास थोरली पाती ह्या पवारांच्या संस्थानात महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले होते. त्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९५३ साली निघाले. माळव्यातील आपल्या वाचकांना हा ऋणानुबंध ठाऊक असेल. १९४६ मध्ये रेडिओवर बोलताना त्यांनी आपल्या मनाची द्विधा स्थिती प्रांजळपणे मांडली. लंडनच्या बेघरांना घरे हवीत हे ते नाकारीत नव्हते. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांचे एक ग्रामजीवन कायमचे पुसले जाईल, त्याची भरपाई कोणत्या नाण्यात करणार, हे त्यांना कळत नव्हते. वाचकहो, दोन्ही बाजूंना न्याय असलेला असा वाद सर्वांत कठीण असतो.

आता कारभाराची रचना पाहू. कारण ह्या कथेचे मर्म तेथे आहे. नवनगर उभारण्याचे काम सरकारने गावच्या लोकनियुक्त परिषदेकडे दिले नाही. त्यासाठी एक विकास महामंडळ नेमले. एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष आणि फार तर सात सभासद. सर्वांची नेमणूक मंत्र्याची. महामंडळास जमीन सक्तीने घेण्याचा, घरे, कारखाने व दुकाने बांधून भाड्याने देण्याचा अधिकार होता. जमीन घ्यावयाची ती शेतीच्या चालू किमतीने, नगर झाल्यावर येणाऱ्या किमतीने नव्हे. पैसा सरकारी तिजोरीतून साठ वर्षांच्या मुदतीच्या कर्जाने मिळे आणि तो व्याजासह फेडावयाचा असे. शेत घेऊन त्यावर पेठ उभी राहिली की वाढलेले मूल्य कोणा दलालाच्या खिशात न जाता महामंडळाकडे राही, आणि त्यातून कर्ज फिटत जाई. ही योजना हिशेबी होती, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या शेतकऱ्याची जमीन गेली, त्याला त्या वाढीतला वाटा नव्हता, हेही तितकेच खरे.

महामंडळाशेजारी गावची जुनी, १८९४ पासूनची लोकनियुक्त नागरी परिषद चालूच होती. कचरा, आरोग्य, करवसुली ही तिची कामे. शाळा मात्र परगण्याच्या परिषदेकडे. म्हणजे एकाच गावावर तीन धनी; त्यांतील सर्वांत बलवान जो, तो लोकांनी निवडलेला नव्हता.

ह्याचा अर्थ काय होतो तो १९५१ साली दिसला. त्या वेळी महामंडळाच्या अध्यक्षा होत्या मोनिका फेल्टन ह्या विदुषी. नवनगराच्या घरांचे काम त्यांच्या काळात मार्गी लागत होते. त्या वर्षी त्या एका महिला शिष्टमंडळासह युद्धग्रस्त उत्तर कोरियास गेल्या. ब्रिटिश सैनिक त्या देशाशी लढत असता ही भेट झाल्याने मोठे वादळ उठले. महामंडळाच्या हिशेबासंबंधी संसदेच्या समितीपुढे त्या उपस्थित नव्हत्या हे कारण देऊन मंत्र्यांनी त्यांना पदावरून दूर केले. त्यांचे वागणे योग्य की अयोग्य, ह्यावर मतभेद होतील. परंतु नगराच्या प्रमुखास नेमले मंत्र्यांनी, काढले मंत्र्यांनी. नगरवासीयांना कोणी विचारलेही नाही. ह्या बाई पुढे भारतात आल्या आणि मद्रासेस स्थायिक झाल्या. राजाजींवरचे त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये आणि बालविधवांच्या कैवारी सिस्टर सुब्बलक्ष्मी ह्यांचे चरित्र १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७० साली मद्रासेसच त्यांचे निधन झाले.

दरम्यान नगर उभे राहत होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी पहिली कुटुंबे आली. घर मिळण्याची अट साधी होती : नगरात काम असावे. उत्तर लंडनमधील गवंडी, सुतार, रंगारी प्रथम बांधकामावर आले आणि त्या कामाच्या बळावर स्वतः बांधलेल्या नगरात घराचे हक्कदार झाले. त्यामागून कारखान्यांचे कामगार आले. बहुतेक जोडपी तरुण. कित्येकांना स्वतंत्र न्हाणीघर आणि अंगण आयुष्यात प्रथमच लाभले. बेडवेल, ब्रॉडवॉटर, शेफॉल, चेल्स, पिन ग्रीन अशा वस्त्या एकामागून एक वसल्या. प्रत्येकीस स्वतःची दुकाने, प्राथमिक शाळा आणि प्रार्थनामंदिर असावे असा नियम. शेफॉल हे मुळात वेगळे खेडे. त्याचे जुने चर्च आणि गावचे हिरवे पटांगण आजही घरांच्या गराड्यात जसेच्या तसे आहे. कारखाने मात्र रेल्वेच्या पश्चिमेस एका पट्ट्यात ठेवले, म्हणजे धूर आणि गोंगाट घरापाशी नको.

येथे एक प्रसंग आवर्जून सांगण्याजोगा आहे. मध्यवर्ती बाजारपेठ मोटारींवाचून, केवळ पायी चालणाऱ्यांसाठी असावी, ही कल्पना आराखड्यात प्रथमपासून होती. पुढे महामंडळ कचरले. मोटार दाराशी आली नाही तर दुकाने चालतील कशी, ही व्यापाऱ्यांची धास्ती होती. १९५४ साली नव्या रहिवाशांनी सभा भरविली आणि पादचारी पेठेच्या बाजूने जोराचा कौल दिला. बाबागाड्या ढकलीत बाजारहाट करणाऱ्या मातांना आपल्या लेकरांचे भय न वाटणारी पेठ हवी होती. अखेर तशीच पेठ झाली. २० एप्रिल १९५९ रोजी राणी एलिझाबेथ ह्यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मुळापासून मोटारमुक्त म्हणून बांधलेली ब्रिटनमधील ती पहिली नगरपेठ. आज चौकातील घड्याळाच्या मनोऱ्याशी उभे राहिले म्हणजे आठवण होते ती हीच की, आठ वर्षांपूर्वी ज्या गावाच्या नकारास किंमत मिळाली नव्हती, त्याच गावच्या नव्या लोकांच्या होकारास ती मिळाली.

दुसरी एक गोष्ट उलट दिशेने शिकविते. महामंडळाचे अभियंता एरिक क्लॅक्स्टन ह्यांनी सायकलींसाठी नगरभर स्वतंत्र वाटा बांधल्या. मोटाररस्ता लागला की सायकलची वाट त्याच्या खालून जाते. कोठेही मोटार आडवी येत नाही. सारे जग ते पाहावयास आले. तरीही लोक सायकलवर फारसे बसले नाहीत; कारण मोटारींचे रस्तेही तितकेच मोकळे व सोयीचे बांधले होते. सोय तज्ज्ञाने करावी, पण तिचा वापर करणे न करणे हे लोकांच्या हाती असते.

१९७४ साली इंग्लंडभर स्थानिक कारभाराची नवी घडी बसली. नागरी परिषद जाऊन स्टीव्हनेज जिल्हा झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यास ‘बरो’ हा मानाचा किताब मिळाला. बरो म्हणजे आपल्याकडील नगरपालिकेसारखी संस्था. तिला महापौर असतो, पण तो शोभेचा. वर्षभर समारंभांस मान देणे हे त्याचे काम. खरा कारभार सभासदांच्या बहुमताने निवडलेला परिषदेचा नेता आणि त्याचे मंडळ पाहते. परिषदेचे सभासद एकोणचाळीस, प्रभाग तेरा. घरे, कचरा, उद्याने, बांधकामाची परवानगी ही बरोची कामे. शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल परगण्याकडे. १९७३ च्या पहिल्या निवडणुकीपासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत परिषदेत बहुमत मजूर पक्षाचेच राहिले.

अखेर महामंडळाचा निरोप घेण्याची वेळ आली. त्याने बांधलेली भाड्याची घरे १९७८ मध्ये परिषदेकडे आली, आणि १९८० मध्ये महामंडळ विसर्जित झाले. पण पेठ आणि कारखान्यांच्या जागा, म्हणजे उत्पन्नाचा मुख्य झरा, परिषदेस मिळाला नाही. तो नवनगरांसाठी नेमलेल्या एका राष्ट्रीय आयोगाकडे गेला आणि पुढे त्यातील बराच भाग खासगी मालकांच्या हाती पडला. घरेही १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना विकत घेण्याचा हक्क मिळाल्यावर हजारोंनी विकली गेली. आज परिषदेकडे आठ हजारांच्या आसपास घरे आहेत. म्हातारी झालेली पेठ नव्याने उभारावयाची तर तिचे तुकडे पुन्हा विकत घेण्यापासून आरंभ करावा लागतो. त्या कामी २०२१ मध्ये सरकारने तीन कोटी पंचाहत्तर लाख पौंडांचे साहाय्य मंजूर केले; २०२२ मध्ये नवे बसस्थानक सुरू झाले.

नगराची वाढ थांबलेली नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे चौऱ्याऐंशी हजार असलेली वस्ती २०२१ मध्ये साडेएकोणनव्वद हजारांवर गेली. उद्योगांत औषधसंशोधन आणि उपग्रहांची बांधणी प्रमुख. सूर्याच्या निरीक्षणासाठी २०२० च्या फेब्रुवारीत आकाशात सोडलेले ‘सोलर ऑर्बिटर’ हे यान येथेच जुळविले गेले. पण बरोची सीमा नगराच्या अंगाला चिकटलेली आहे. ग्रेट ॲश्बी ही मोठी नवी वस्ती नगरास लागूनच आहे, तिचे लोक स्टीव्हनेजच्या बाजारात येतात, पण ती आहे शेजारच्या जिल्ह्यात. आपल्या मुलांना घरे कोठे बांधून द्यावयाची, हा प्रश्न येथील आईबापांपुढेही आहे.

त्यासाठी परिषदेने इसवी सन २०३१ पर्यंत सात हजार सहाशे घरांचा आराखडा सिद्ध केला. परंतु २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्र्यांनी, स्थानिक खासदारांच्या विनंतीवरून, तो रोखून धरला. २०१९ च्या मार्चमध्ये ती आज्ञा उठली आणि मे महिन्यात आराखडा अमलात आला. त्या आराखड्यात उत्तरेकडील शेतांवर सुमारे आठशे घरे आहेत. ती शेते म्हणजे फॉर्स्टरच्या बालपणीचा मुलूख. उरलेले कुरण सर्वांसाठी उद्यान म्हणून राखावयाचे आहे. म्हणजे १९४६ चा वाद पुन्हा उभा राहिला. फरक इतकाच की ह्या खेपेस शेते मागणारी परिषद लोकांनी निवडलेली होती. नवनगरांत वाढलेल्यांना घरे हवीत आणि त्यांतल्याच काहींना शेते राखावयाची आहेत. भांडण घरातले झाले.

शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने परगणा आणि जिल्हा अशी दुहेरी परिषद मोडून एकच मोठी परिषद करण्याचा मनोदय जाहीर केला. ज्या नगराने एक पिढी वाट पाहून आपला कारभार हाती घेतला, त्याच्या पुढे पुन्हा प्रश्न आहे : निर्णय किती जवळ व्हावा आणि किती दूर?

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातील नवनगरांच्या तरतुदींत ह्याच इंग्रजी घडणीची छाया दिसते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको महामंडळाने पंचाण्णव गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसविली. तेथे योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर, १९९० साली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. स्टीव्हनेजच्या शेतकऱ्यांना जो वाटा कधी मिळाला नाही, तो येथे रक्त सांडल्यावर मान्य झाला. आणि नवी मुंबईच्या महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९९५ साली, महामंडळाच्या स्थापनेनंतर पंचवीस वर्षांनी.

स्टीव्हनेजने लंडनच्या हजारो श्रमिक कुटुंबांना उजेडाची घरे दिली, मुलांना मोटारीच्या भयावाचून खेळण्यास जागा दिली. हे पुण्य लहान नाही. सिल्किन नसते तर ती कुटुंबे आणखी कित्येक वर्षे एका खोलीत राहिली असती. परंतु ज्यांची शेते गेली त्यांचे म्हणणे त्या वेळी ऐकून घेतले असते, वाढीतला न्याय्य वाटा त्यांना दिला असता, आणि उत्पन्नाची पेठ नगराच्याच हाती ठेवली असती, तर घरे कमी झाली नसती. उलट नगर अधिक लवकर आपले झाले असते. उद्या आपल्या गावाचा आराखडा चावडीवर लागेल, हरकती मागविल्या जातील, तेव्हा तो कागद वाचावयास घरातील एकाने तरी गेले पाहिजे. जमीन किती जाणार हे तर पाहावेच. पण तिच्यावर जे उभे राहील त्याचा धनी कोण आणि त्याला कोण निवडणार, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.